रेसिडेन्सीला निघण्याआधी: चित्रकाराची तयारी

रेसिडेन्सी म्हणजे एखाद्या संस्थेच्या स्टुडिओत काही आठवडे राहून काम करणे. तिच्या तयारीला लागताना परतीच्या तारखेपासून उलटे मोजत या, कारण तैलरंग आपल्या तिकिटाकडे बघून वाळत नाही. अंबर (umber) या तपकिरीसारखे मातकट रंग त्यांतल्या मँगनीजमुळे पातळ थरात दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासे होतात. टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियमचे रंग आठवडाभर किंवा त्याहून जास्त घेतात, आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) दिलेला जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला असतो. सहा आठवड्यांचा मुक्काम असेल तर तैलरंगाचे काम चौथ्या आठवड्याअखेर थांबवा. पुढे कागद, शाई किंवा ॲक्रिलिक. ते नको असेल तर ओली चित्रे तिथे ठेवता येतील का आणि नंतर पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच लेखी घ्या.

त्याच पत्रात स्टुडिओबद्दलही विचारा. दाराची रुंदी-उंची किती? भिंतीला खिळे चालतात का? टर्पेंटाइनला परवानगी आहे का, खिडकी उघडते का? ईझल मिळते का, की स्वतःची सोय करायची? संध्याकाळनंतर काम करणार असाल तर दिवे कसले आहेत तेही विचारा. पिवळ्या उजेडात जुळवलेले निळे सकाळी भलतेच दिसतात. ५००० केल्व्हिनचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), ९० च्या वर सीआरआय (रंग खरे दिसण्याचे माप) असलेले दोन एलईडी बल्ब बॅगेत टाकले की ही काळजी मिटते.

कॅनव्हास ताणलेला नेऊ नका. गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात देऊन पूर्ण वाळवा, चारही बाजूंनी सहा-सात सेंटिमीटर जादा कापड ठेवा आणि निदान १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळा. चित्राची बाजू नेहमी बाहेर. आत ठेवली तर थर दाबला जातो आणि उलगडताना सुरकुत्या पडतात. ॲक्रिलिक वाळले तरी उबेत एकमेकांना चिकटते, म्हणून मध्ये सिलिकॉन लावलेला कागद घाला. साध्या वर्तमानपत्राची शाई उमटते. स्ट्रेचरच्या पट्ट्या, पाचरी, कॅनव्हास ताणायची पक्कड आणि स्टेपल गन सोबत असू द्या.

विमानाने जाणार असाल तर टर्पेंटाइन, व्हार्निश, फिक्सेटिव्हचा (कोळसा-पेस्टल पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे घरीच राहू द्या. ते ज्वलनशील आहेत, तिथे पोचल्यावर विकत घ्या. ट्यूबमधला तैलरंग सहसा चालतो, पण तपासणीला तो ‘पेंट’ म्हणून अडतो. उत्पादकाचे सुरक्षा-पत्रक छापून ट्यूबांसोबत ठेवा, त्यात फ्लॅश पॉइंट, म्हणजे कोणत्या तापमानाला वाफ पेट घेते, ते लिहिलेले असते. ट्यूबा आणि पॅलेट नाइफ चेक-इन बॅगेत. बाकी रंगांच्या ४० मिलीच्या ट्यूबा पुरतात, पांढरा मात्र २०० मिलीचा घ्या, सगळ्यात आधी तोच संपतो.

झाकणाचा एक पत्र्याचा डबा हवाच. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर तेल वाळताना उष्णता कोंडते आणि ती आपोआप पेटतात. फडकी पाण्यात बुडवून डब्यात बंद करा. परक्या इमारतीत तर यात हयगय नकोच.

ओपन स्टुडिओच्या दिवशी, म्हणजे पाहुण्यांना स्टुडिओ खुला असतो तेव्हा, बोलण्यासाठी १०-१५ कामांचे फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, प्रत्येकाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, माप. करारात एखादे चित्र संस्थेला द्यायचे कलम असेल तर ते कोण निवडणार, हे सही करण्याआधी विचारा. परदेशात जाणार असाल तर नेत असलेल्या प्रत्येक चित्राची फोटो, माप आणि किमतीसह यादी दोन प्रतींत करा. परतताना कस्टम्सला तीच दाखवायची असते.