बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय? मग आधी गाइड बाजूला ठेवा

पहिल्या वर्षी मी सेकंडहँड गाइडवर विसंबले आणि पक्षांतरबंदीच्या प्रश्नाला ‘एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं’ असं ठोकून दिलं. ती पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं कधीच बंद झालेली. गाइड जुनं, मार्क माझे गेले.

म्हणून राज्यघटनेची मराठी प्रत घ्या, ताज्या दुरुस्त्यांसह. रोज एकच कलम वाचा. समासात पेन्सिलीनं टिपा: कुठली दुरुस्ती, कुठला खटला. माझ्या प्रतीत कलम ३५६ (राष्ट्रपती राजवट) शेजारी ‘बोम्मई, १९९४: बहुमत सभागृहातच तपासा’ एवढंच आहे, अख्खं उत्तर त्यावर उभं राहतं.

विचारवंतांचा पेपर रटाळ वाटेल. हॉब्ज आणि लॉक शेजारी ठेवून वाचा, दोघांचं भांडण लावून. एकेकट्याला वाचलं की मला तरी डुलकी लागते.

आणि सुट्टीत गावी गेलात तर ग्रामसभेला जाऊन बसा. पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती मला वर्गात नाही, तिथे कळली: गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, नाही म्हणून सभा तहकूब झाली तेव्हा. शेजारच्या काकू पिशवी उचलत म्हणाल्या, “आता पुढच्या वेळी गणपूर्तीची अटच नाही, बघ.” ते वाक्य थेट माझ्या प्रोजेक्टात गेलं.