साताऱ्याहून कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघायला निघालात? या चुका टाळा

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही नऊ जण कात्रजच्या बंद फाटकासमोर उभे होतो. वार बुधवार. सांगलीहून वन्सं, त्यांचे यजमान आणि दोन मुलं खास आदल्या रात्री साताऱ्याला मुक्कामाला आलेली. पहाटे उठून दशम्या केलेल्या, मुलांनी आठवडाभर वाघाचा जप केलेला. आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला बुधवारी सुट्टी असते, हे नऊ जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दुसरी फेरी आम्ही मे महिन्यातल्या रविवारी केली, तीही फसली. तिसरी मात्र जमली. त्या तीन फेऱ्यांतून जे कळलं ते लिहिते.

वार न बघता निघणं

देशातल्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावाच लागतो. प्राण्यांना एक दिवस माणसांपासून सुटका म्हणून. कात्रजचा तो दिवस बुधवार, आणि मुंबईच्या राणीच्या बागेचाही बुधवारच. म्हणून मी तर पोरांना घेऊन जायच्या बाबतीत बुधवार पंचांगातूनच काढून टाकला आहे.

तरीही चुकून पोचलातच, तर फाटकाशी एकमेकांवर खापर फोडत बसू नका. आम्ही अर्धा तास तेच केलं. मग सासूबाई म्हणाल्या, "बनेश्वर आहे की वाटेवर." गाडी वळवली आणि नसरापूरच्या बनेश्वराला गेलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं शंकराचं देऊळ, भोवती गर्द झाडी, मागं ओढ्यावरचा धबधबा. दशम्या बाहेर सावलीत बसून संपवल्या. वाघ नाही दिसला, पण दिवस अगदीच वाया गेला नाही. हा पर्याय डोक्यात असू द्या.

वार निवडायचा झाला तर माझं मत शनिवार. रविवारी सगळं पुणं तिथं असतं. मंगळवार किंवा गुरुवारी रजा मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसगाड्या कोणत्याही वारी येतात, हे धरून चाला.

"आरामात निघू" म्हणणं

साताऱ्याहून कात्रज शंभर-एक किलोमीटर. आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन टोलनाके आणि चहाचा एक थांबा धरून अडीच तास हातात ठेवा. संग्रहालय सकाळी साडेनऊला उघडतं, म्हणजे सातला साताऱ्याचा पोवई नाका सोडला पाहिजे. सांगलीकरांना चार-साडेचार तास लागतात. त्यांनी एका दिवसात जाऊन-येऊन करायचा हट्ट धरू नये. साताऱ्यात पाव्हणा शोधावा, प्रत्येकाचा एक तरी असतोच.

आणखी एक फसगत रस्त्याची. हायवेच्या ओघात आपण नव्या बोगद्यातून सरळ जातो आणि नवले पुलाच्या बाजूला उतरतो. मग तिथून कात्रजकडे परत मागं यायचं, त्यात त्या उतारावर जड वाहनांची गर्दी. जुना कात्रज घाट धरला तर जुन्या बोगद्यातून थेट कात्रज चौकात उतरता. घाटात वळणं भरपूर आहेत, ज्या पोराला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि शिरवळला पोटभर मिसळ खाऊ घालू नका. आमच्या धाकट्यानं हा धडा माझ्या साडीवर लिहिला.

गाडीचा हट्टही गरजेचा नाही. सातारा-स्वारगेट एसटी सतत असते. बायकांना राज्यात अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. आमच्यासारख्या बायका-पोरं-म्हाताऱ्यांच्या ताफ्याला हे पेट्रोल आणि दोन्ही वेळच्या टोलपेक्षा किती तरी स्वस्त पडतं. फक्त बसताना वाहकाला विचारून घ्या, कात्रजला उतरवणार का. विनाथांबा गाडीनं स्वारगेटला पोचलात तर तिथून कात्रजच्या पीएमपीच्या बस कितीतरी मिळतात.

एका दमात सगळं बघायचा निश्चय

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मोठी माणसं करतात, मुलं नाही. तिकीट काढलंय म्हणजे वसूल झालंच पाहिजे! संग्रहालयाचा परिसर तळं धरून सुमारे १३० एकरांचा आहे. दुसऱ्या फेरीत आम्ही नकाशाच्या फलकासमोर उभं राहून क्रम लावला आणि पिंजऱ्यामागून पिंजरा हजेरी घेत सुटलो. "चला चला, अजून अस्वल राहिलंय." दीड तासात चार वर्षांचा भाचा रस्त्यावर बसला, उठेना. वन्संच्या यजमानांनी उरलेली फेरी त्याला खांद्यावर घेऊन केली आणि दोन दिवस मान धरून बसले.

आता आम्ही निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पोराला एकच प्राणी निवडायला सांगतो. चार पोरं, चार प्राणी. मोठ्यांचा एक. तेवढे पाच नीट बघायचे, प्रत्येकापाशी वीस-पंचवीस मिनिटं, बाकीचे वाटेत दिसतील तसे. वीस मिनिटं उभं राहिलं की प्राणी काहीतरी करतोच. मगर तासभर तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली तर पोरांना वाटतं ती घाबरवतेय, खरं तर ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. काळविटांच्या कळपात काळा तो नर आणि तपकिरी त्या माद्या, हे मोठ्या मुलीनं स्वतः बघून ओळखलं. घाईत गेलो असतो तर "हरणं होती" एवढंच लक्षात राहिलं असतं.

प्राणी निवडताना एक काळजी घ्या. मोबाइलवर बघून मुलं काहीही ठरवतात. पेंग्विन राणीच्या बागेत आहेत, कात्रजला नाहीत. हे निघायच्या आधी सांगा, फाटकाशी नाही.

मोठ्यांचीही अशीच गंमत होते. सासूबाई लहानपणी पुण्याला मामाकडं जायच्या. आत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "फुलराणी कुठाय?" त्यांच्या डोक्यात पेशवे पार्क होतं. १९५३ सालापासून पुण्याचं प्राणिसंग्रहालय तिथं होतं, नंतर १९९९ साली कात्रजचं सुरू झालं आणि प्राणी इकडं आले. फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, मात्र सारसबागेजवळ पेशवे पार्कातच राहिली. त्यांचा हिरमोड झाला तो झालाच.

भर दुपारी वाघ शोधणं

"मामी, वाघ झोपलाय का मेलाय?" भाच्याचा प्रश्न. दुपारचे दीड वाजलेले, मे महिना, आणि वाघ गवतात पाठ करून पडलेला, फक्त एक कान दिसत होता. आजूबाजूची तरणी पोरं शिट्ट्या मारत होती, टाळ्या पिटत होती.

वाघ-सिंह उन्हात हिंडत नाहीत. सिंह तर दिवसाचे वीस-वीस तास लोळण्यात घालवतो. त्यांची हालचाल सकाळी आणि ऊन कलल्यावर. म्हणून फाटक उघडल्या उघडल्या आधी मोठी मांजरं गाठा, हरणं नंतर. तेव्हाही दिसला नाही तर चारनंतर पुन्हा एक चक्कर टाका. कधीकधी एक जनावर बाहेर सोडतात आणि दुसरं आत असतं, त्यामुळं "इथं दोन आहेत असं लिहिलंय" म्हणून तिथल्या माणसाशी वाद घालू नका.

पांढऱ्या वाघासमोर उभं राहून "ही वेगळीच जात आहे" असं ठोकून सांगणारे काका दर खेपेला भेटतात. तो आपलाच पट्टेरी वाघ, रंगाच्या एका दुर्मीळ जनुकाचा खेळ. आज बंदिस्त जागेत दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांपैकी बहुतेकांचा वंश १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बछड्यापर्यंत जातो.

सर्पोद्यानाकडं पाठ फिरवणं

"सापच तर आहेत, गावाकडं काय कमी दिसतात?" असं म्हणून आम्ही दुसऱ्या फेरीत ते वगळलं होतं. आता मला वाटतं, साताऱ्या-सांगलीच्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ तिथंच द्यावा. कारण तोच एक भाग असा आहे की ज्यातलं ज्ञान घरी परतल्यावर परसात, गोठ्यात, उसाच्या सरीत उपयोगी पडतं.

हे सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं सुरू झालं. त्याच खैऱ्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर एका खोलीत ७२ तास काढले होते. मुलांना ही गोष्ट आत जाण्याआधी सांगा, मग बघा कशी गप्प होतात ती.

आपल्याकडं माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चार शांतपणे दाखवा आणि त्यांच्याशी गोंधळ होणारे बिनविषारीही शोधा. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपक्यांचे पट्टे असतात, लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात घालतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. पण मण्यारीचे डोक्याकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक होत जातात, कवड्याचं नेमकं उलट. धामण बिचारी बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करणारी, आणि नाग म्हणून काठीनं मारली जाते. सांगलीच्या पोरांना शिराळ्याच्या नागपंचमीमुळं नाग चांगला ठाऊक असतो, मण्यार मात्र त्यांनी कधी बघितलेलीच नसते. आणि ती रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते.

अर्थात ओळख पटली म्हणून कुणी साप धरायला जायचं नाही, आणि चावला तर साप ओळखत न बसता १०८ ला फोन करून थेट दवाखाना. हे तिथंच उभं राहून मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या. काचेवर टकटक करू नका. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण काचेची थरथर त्याला अंगानं कळते, आणि दिवसभर शेकडो हात टकटक करत असतात. उन्हाची वेळ इथं सावलीत जाते, हा वरचा फायदा.

डबा उघडायची जागा

वन्संनी सांगलीचं भडंग आणलेलं. त्यांच्या थोरल्यानं मूठभर हरणांच्या जाळीतून आत टाकलं, आणि पाठोपाठ वाऱ्यानं पिशवीही गेली. प्लॅस्टिक पोटात गेलं की हरणाच्या आतड्यात अडकतं, जनावर कुढत मरतं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं, डिवचणं किंवा तिथं कचरा टाकणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तिथल्या माणसानं काठीनं पिशवी काढली आणि आम्हाला जे काही ऐकवलं ते आम्ही मान खाली घालून ऐकलं. तेव्हापासून आमचा नियम: पोटभर नाश्ता आत जाण्याआधी, जेवण बाहेर आल्यावर, आत फक्त पाण्याची स्टीलची बाटली. मधल्या रडारडीसाठी खिशात दोन कंदी पेढे. ते पोरांचे, हरणांचे नाहीत.

म्हातारी माणसं आणि हरवणारी पोरं

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आत बॅटरीवर चालणारी गाडी असते, तिचं तिकीट वेगळं. "आधी थोडं चालते, मग बघू" असं सासूबाई म्हणतात आणि अर्ध्यात थकतात, तोवर गाडीची रांग वाढलेली असते. आल्याबरोबर आधी त्यांची सोय लावा.

पोरांच्या बाबतीत सकाळी निघतानाच प्रत्येकाचा पूर्ण उंचीचा फोटो मोबाइलमध्ये काढा. हरवलं की आईला त्या क्षणी शर्टाचा रंग आठवत नाही, मला नव्हता आठवला. मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिहा. आणि एक जागा ठरवा, "कुणी सुटलं तर तिथंच थांबायचं." फाटक ठरवू नका, तिथं गर्दीत कुणीच सापडत नाही.

परतीला उशीर

चारची वाघाची दुसरी चक्कर झाली की निघा. अंधारात जुना घाट आणि पुढं खंबाटकीची चढण नको. आमच्या फेऱ्यांत जाताना बोगदा होता, येताना घाटच चढावा लागला, आणि एखादा ट्रक आडवा झाला की तासभर गेला म्हणून समजा. शिरवळला पोचेपर्यंत मागच्या सीटवरचे चौघं एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात. त्यांना हॉटेलात जेवायला उठवू नका. घरी गेल्यावर पिठलं-भात टाकायला वीस मिनिटं लागतात.