कॉम्प्युटर सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले की आमच्या नाशिकच्या सिडकोत दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. सुट्टीभर कोपऱ्यात पडून असलेला घरचा कॉम्प्युटर पोरांच्या ॲडमिशनच्या फॉर्मसाठी चालू करायला जावं, तर तो चालू होत नाही. शेजारचं कुणीतरी लगेच सांगतं, ‘विंडोज उडाली असेल, फॉरमॅट मारून टाका.’ फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. कृपा करून हा सल्ला लगेच मानू नका. मी शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे अशी बरीच मशीन उघडून बसलो आहे. त्यांतली पुष्कळशी फॉरमॅटशिवाय, बरीच तर एक पैसाही न खर्चता सुरू झाली.

आधी शांतपणे बघायचं, की गाडी नेमकी कुठे अडते. बटण दाबल्यावर वीज आत पोचते, मग मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) स्वतःची आणि रॅमची (चालू कामाची मेमरी) तपासणी करतो, मग डिस्क शोधतो आणि शेवटी विंडोज चढते. तुमचं मशीन यांतल्या कोणत्या टप्प्यापर्यंत जातं, हे कळलं की निम्मं काम झालं. स्क्रीनवर काही अक्षरं आली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ती दोन सेकंदात जातात आणि नंतर कुणालाच आठवत नाहीत.

बटण दाबलं, पण काहीच नाही

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. मग दोष विजेच्या वाटेत शोधा. ज्या सॉकेटला कॉम्प्युटर लावलाय, तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. यूपीएस मधे जोडलेला असेल तर तो बाजूला करून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला द्या. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते आणि मग कॉम्प्युटर बिघडल्यासारखा वाटतो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीला) एक छोटं बटण असतं, तेही बघा. झाडू-पोछा करताना ते नकळत बंद होतं.

लॅपटॉप असेल तर चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज उतरते आणि अडकलेला बोर्ड पुष्कळदा मोकळा होतो. त्यानंतर फक्त चार्जर लावा, १५-२० मिनिटं थांबा आणि मग चालू करा.

एवढ्यानेही डेस्कटॉप मुका राहिला तर बहुधा एसएमपीएस गेलेला असतो. तो बदलता येतो, पण त्याची पेटी स्वतः उघडू नका. घरातली २३० व्होल्ट वीज आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठवलेली असते आणि वायर काढल्यानंतरही ती काही वेळ तिथेच राहते.

पंखा फिरतो, स्क्रीन काळीच

पावसाळ्यात माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येतो तो हा प्रकार. आधी मॉनिटर चालू आहे ना, केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागलेली हवी. पुष्कळदा साफसफाईनंतर ती चुकून वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असते.

केबल ठीक असेल तर रॅमकडे वळा. दमट हवा आणि धूळ मिळून रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर एक पातळ थर बसतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण संपर्क तोडायला तेवढा पुरतो. मागच्या जुलैत पाथर्डी फाट्याजवळच्या एका ताईंचं मशीन असंच होतं. त्या घरून शिवणकामाच्या ऑर्डरी घेतात आणि मापं, बिलं सगळी त्यातच होती. मी वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज घालवली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या, तशी पट्टी टुपकन वर आली. उजेडात धरली तर सोनेरी दातांवर करडी झाक होती. शाळेतला साधा पांढरा, मऊ खोडरबर घेतला आणि मशीनपासून लांब, कागदावर पट्टी धरून एकाच दिशेने हलक्या हाताने पुसली. कागदावर काळसर चुरा पडला. कोरड्या ब्रशने तो झटकला, पट्टी खाचेत बसवली आणि दोन्ही खिट्ट्या ‘टक’ वाजेपर्यंत दाबली. बटण दाबल्यावर स्क्रीन उजळली. ताईंनी हात जोडले.

यात लोक चुकतात ते शेवटच्या दाबात. रॅम बसली असं वाटतं, पण एका बाजूची खिट्टी मिटलेली नसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खाचही बदलून बघा. म्हणजे कोणती पट्टी किंवा कोणती खाच खराब आहे ते कळतं. मशीन ‘बीप’ वाजवत असेल तर ते बीप मोजा आणि लांब-आखूड लिहून ठेवा. त्यांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पण दुरुस्तीवाल्याला ती फार मोलाची खूण असते.

तारीख मागे गेली असेल तर

दरवेळी एफ १ दाबायला सांगतो, किंवा घड्याळ कित्येक वर्षं मागे दाखवतो, म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीन बंद करून, वायर काढून सेल बदला आणि तारीख लावा. तारीख चुकलेली असली की बँकेच्या आणि सरकारी साइटही उघडत नाहीत. लोक उगाच इंटरनेटला दोष देतात.

डिस्क सापडत नाही

कंपनीचं नाव दिसतं आणि मग काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं काहीतरी येतं. आधी पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढा. मशीन त्यांच्यातच विंडोज शोधत बसलेलं असू शकतं. मग पुन्हा चालू करून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट, डेलवर एफ २, एचपीवर एफ १० दाबायचं. तिथे डिस्कचं नाव दिसत असेल तर ती बूटच्या, म्हणजे सुरू होण्याच्या क्रमात पहिली आणा. बाकी काही बदलू नका. नाव दिसतच नसेल तर मशीन बंद करून डिस्कच्या दोन्ही वायरी काढून घट्ट लावा.

डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टिक-टिक’ किंवा खरखर ऐकू आली तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही. प्रत्येक वेळी आतली जखम वाढते आणि फोटो, हिशेब परत मिळण्याची शक्यता कमी होते.

विंडोज अर्ध्यावर अडते

गोल गोल फिरत राहतं किंवा एररचा निळा (नव्या विंडोजमध्ये काळा) पडदा येतो. अपडेट चालू असेल तर तासभर थांबा. जुन्या डिस्कवर वेळ लागतोच. तरीही हलत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण १० सेकंद दाबून बंद करा. एरवी असं करू नये, पण सलग दोन वेळा विंडोज चढली नाही की पुढच्या वेळी ती स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर चालवा. ते जमलं नाही तर नुकतं आलेलं अपडेट काढून टाकण्याचा पर्याय तिथेच असतो. सिस्टिम रिस्टोअरही असतं. त्याने तुमच्या फाइली जात नाहीत, फक्त मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात.

सेफ मोड हा माझा सगळ्यात भरवशाचा पर्याय. स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ हा आकडा. सुरू होताना एफ ८ दाबायची जुनी युक्ती आता सहसा चालत नाही. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरतं सामान घेऊन उठते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हाही कितीतरी ठिकाणी माणसांनी सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढली आणि मशीन उठवली. तुम्हीही तिथे शिरल्यावर शेवटचं टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर काढून बघा.

मध्येच ४८ आकड्यांची बिटलॉकर की (डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलपाची किल्ली) मागितली तर घाबरू नका. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून शोधा.

फाइली आधी, विंडोज नंतर

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका गेल्या हंगामात आमच्याकडे आले ते रडवेले होऊन. फवारणीच्या पाच वर्षांच्या नोंदी लॅपटॉपमध्ये होत्या. निर्यातदार त्या मागतो म्हणजे मागतो. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, की फॉरमॅटशिवाय इलाज नाही आणि डेटा जाईल. डिस्क मात्र धडधाकट होती, बिघडली होती ती फक्त विंडोज. मी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आधीच करून ठेवलेलं उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) लावलं, एफ १२ दाबून त्यावरून मशीन सुरू केलं आणि इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ निवडलं. काकांचं फोल्डर समोर दिसलं. ‘हेच, हेच’ म्हणत त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, त्यांच्याकडून दोन-तीन फाइली उघडून तपासून घेतल्या आणि मगच नवी विंडोज टाकली.

असा पेनड्राइव्ह मित्राच्या कॉम्प्युटरवर तासाभरात तयार होतो. डिस्कला बिटलॉकर असेल तर इथेही तीच ४८ आकड्यांची की लागते. हे जमणार नसेल तर मशीन दुकानात द्या, पण पावतीवर ‘डेटा ठेवायचा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट नको’ असं लिहून घ्या. सोबत आधी काढलेला तो स्क्रीनचा फोटोही दाखवा.