मोठा आकडा सोडा, 12 व्होल्टची ओळ वाचा

माझं उद्यमनगरात लेथचं काम. मोटर घेताना पाटीवरच्या एचपीवर आम्ही कधी विसंबत नाही, उचलून वजन बघतो. पण घरचा कॉम्प्युटर जुळवताना ही अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. कॅबिनेटसोबत आलेला ‘450 वॅट’चा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तसाच बसवला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत मशीन फटकन बंद. आठवडाभर रॅम बदलून बघितली, विंडोज दोनदा टाकली. शेवटी डबा काढून स्टिकर वाचला: 12 व्होल्टला 16 अँपिअर. 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते याच ताटात.

आता भाच्याचं मशीन जुळवताना आधी बेरीज केली. रायझन 5 5600 प्रोसेसर कागदावर 65 वॅटचा, पण भरात 76 पर्यंत जातो. आरटीएक्स 3060 कार्ड 170. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले 300. कार्ड मधेच क्षणभर जास्त ओढतं, म्हणून 550 वॅटचा एसएमपीएस घेतला. त्याच्या 12 व्होल्टच्या ओळीवर 45 अँपिअरच्या आसपास आकडा हवा. भाचा 750 चा घेऊ म्हणत होता. म्हटलं, ते पैसे एसएसडीत घाल.

एसएमपीएसवरचे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. गोल्ड म्हणजे दणकट, असं नव्हे. मी वॉरंटी बघतो, पाच वर्षांची असेल तर बरं.

प्रोसेसरची 4+4 आणि कार्डाची 6+2 वायर दिसायला सारखी, पण कामं वेगळी. जोर लावून घुसवू नका. आणि सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्याची वायर त्याला कधीच लावू नका. डब्याकडच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी, बोर्ड जळू शकतं.

पेठेतल्या जुन्या घरांत आणखी एक भानगड. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दोष बहुतेक वेळा एसएमपीएसचा नसतो, अर्थिंगचा असतो. वायरमनला बोलवा, डबा बदलून काही होत नाही.

वळवाच्या पावसात लाईट जाणारच. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. त्यावर मॉनिटरही आहे हे विसरू नका. फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरताच तो.

बाकी थोडक्यात. 5600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येत नाही. कार्ड नंतर घेणार असाल तर ग्राफिक्स असलेला 5600जी घ्या. बी450 बोर्ड जुन्या स्टॉकमधलं असेल तर ते हा प्रोसेसर ओळखत नसेल, त्याचं बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा. चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

सगळं आधी बोर्डाच्या खोक्यावरच मांडून जोडा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर टेकवा. पडद्यावर चित्र आलं की लाईट बंद करा आणि मगच कॅबिनेटात कसा.