सल्लागार निघून गेल्यावर सुधारणा कशा टिकवाव्यात?

मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव येथील कापड गिरण्यांमध्ये २००८ साली एक प्रयोग सुरू झाला. निवडक गिरण्यांना व्यवस्थापन सल्लागारांची काही महिन्यांची मदत विनामूल्य देण्यात आली. दोषांची नोंद, यंत्रांची देखभाल, सुताचा साठा अशा बाबतींतल्या ३८ पद्धती त्यांच्यासमोर ठेवल्या गेल्या आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. संशोधक २०१७ साली पुन्हा तेथे गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या, तरीही या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. पद्धती सुटण्याची जी कारणे सांगितली गेली, त्यांत व्यवस्थापक बदलणे आणि मालक-संचालकांना वेळ नसणे ही दोन ठळक होती. ही दोन्ही कारणे कामगाराच्या हातातली नाहीत, म्हणून टिकवण्याची जबाबदारीही वरूनच उचलली गेली पाहिजे.

दोषांच्या नोंदवहीपासून सुरुवात करावी. माग क्रमांक, पाळी, दोषाचा प्रकार आणि त्यावर काय केले, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. चौथा रकाना व्यवस्थापकाने स्वतः, त्याच दिवशी भरावा, कारण आपण लिहिलेले कोणी वाचते की नाही हे जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाला) त्यावरूनच कळते. आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईत आणि एकसारख्या अक्षरात दिसू लागल्या, तर वही पाळी संपताना एकदमच भरली जात आहे असे समजावे. अशा वेळी जॉबरला दरडावू नये. त्या आठवड्यातला एक दोष निवडून त्याच्यासोबत त्या मागापाशी जावे, ताणा (कापडाचा उभा धागा) कुठे तुटतो ते पाहावे आणि दुरुस्ती करून घ्यावी. दोष लिहिल्याबद्दल कोणाच्या पगारातून कपात झाली, तर दोष कमी होत नाहीत, नोंदी तेवढ्या कमी होतात.

प्रत्येक पद्धत किमान दोघांना चालवता आली पाहिजे, आणि त्यांतला एक तरी त्या खात्यातला जुना माणूस असावा. व्यवस्थापक बदलत असेल, तर जुन्या आणि नव्या व्यवस्थापकाने काही दिवस एकत्र फेरी मारावी. कोणती गोष्ट का सुरू केली हे केवळ कागदावरून समजत नाही.

मालकांकडून आठवड्यातला अर्धा तास मागून घ्यावा, पण तो केबिनमध्ये नव्हे, मागांजवळ. मोठी भाषणे नकोत. मागच्या वेळी ठरलेले काम झाले का, एवढे त्यांनी दर वेळी विचारले तरी खूप फरक पडतो.

जे निरुपयोगी ठरले आहे, ते उघडपणे सांगून बंद करावे. एक फॉर्म गुपचूप सोडून दिला, की बाकीचेही ऐच्छिक आहेत असा समज पसरतो.

यंत्रांच्या देखभालीत मजुरीचा प्रश्न मात्र सर्वांत आधी सोडवावा, आणि तोच बहुधा टाळला जातो. जेथे विणकराला मीटरवर पैसे मिळतात, तेथे साफसफाईसाठी माग थांबवणे म्हणजे त्याच्या कमाईला थेट कात्री लावणे होय. त्या वेळेची भरपाई ठरवून, ती लेखी स्वरूपात सूचना फलकावर लावावी आणि मगच देखभालीचे वेळापत्रक जाहीर करावे.