टिंबांचा डबा आणि बाकीचं भंगार

बी.कॉम. झाल्यावर कोल्हापुरात एका बोर्डवाल्याकडे (दुकानांच्या पाट्या बनवणारा) डिझाइन करायला म्हणून लागले, कोरल ड्रॉ येतं एवढंच काय ते भांडवल. पहिले पंधरा दिवस काकांनी (मालक, सगळे काकाच म्हणतात) कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, मागच्या शेडमधले कटपीस, म्हणजे कापून उरलेले तुकडे, निवडायला बसवलं. घरी येऊन आईला सांगितलं पण होतं की उद्यापासून जात नाही. आता नवीन पोरं विचारतात ताई, या उरलेल्या भंगारातून वस्तू करायच्या तर सुरुवात कुठून करू, तर मी त्यांना त्याच शेडमध्ये पाठवते.

आधी मटेरियल ओळखता आलं पाहिजे, वस्तू नंतर करा. पांढरं अॅक्रेलिक आणि पांढरा सनबोर्ड लांबून सारखेच दिसतात, पण अॅक्रेलिक जड, चकचकीत, आणि सनबोर्ड हलका, नख रोवलं की वण उठतो. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, तो लेझरवर (लेझरने कापायच्या मशीनवर) चुकूनसुद्धा टाकायचा नाही, जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो आपल्या छातीत पण जातो आणि मशीनचे लोखंडी भाग पण गंजवतो. तुकडा कसला आहे कळतच नसेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार तापवून त्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी समजा आणि लेझरपासून लांब ठेवा. फ्लेक्स आणि रेडियम (म्हणजे मागून चिकटणारं विनाइल, पण विनाइल आमच्याकडे कोणी म्हणत नाही, सगळं रेडियमच) हे पण त्याच जातीचे.

अक्षरं कापून झाल्यावर जी जाळी उरते ना, अक्षरांच्या आकाराची भोकं असलेली, ती बोर्ड लागेपर्यंत अजिबात टाकू नका. ती भिंतीवर लेव्हलला चिकटवायची आणि एकेक अक्षर तिच्या भोकात बसवत जायचं, फिटरला टेप-पेन्सिल घेऊन मापं काढत बसावं लागत नाही. मराठीत तसं बरंय, शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात येतो. पण अनुस्वार सुटा असतो आणि तो कापताना लेझर मशीनच्या खालच्या जाळीतून पडतो. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्याकडेही गर्दी उसळली, आणि त्या गडबडीत मी 'मंगल'चं 'मगल' पाठवलं. बोर्ड वर चढल्यावर गिऱ्हाइकाने फोटो टाकला. काका काही बोलले नाहीत, फक्त एक रिकामा बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. तेव्हापासून खाली पडलेलं प्रत्येक टिंब त्या डब्यात, रंग आणि जाडी बघून पुडीत.

विकण्यासारखं पहिलं काय करायचं तर घराच्या नेमप्लेट. अॅक्रेलिकचं २-३ एमएमचं रंगीत अक्षर, मागे ५ एमएमचा तुकडा, भिंतीपासून थोडं उचलून लावलं की सावली पडते आणि साधी पाटी पण भारी दिसते. एक चूक मी केलेली ती तुम्ही करू नका, लेझरने कापलेल्या कडा चकाचक दिसाव्यात म्हणून स्पिरिटने पुसल्या आणि थोड्या वेळात कडेला बारीक बारीक तडे, सहा पाट्या गेल्या. कापताना कडेला ताण राहतो आणि त्यावर स्पिरिट लागलं की तडकतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील. दुधी अॅक्रेलिकच्या पट्ट्या, आत उरलेले एलईडी मॉड्यूल. हे १२ व्होल्टचे असतात, माळेतून मध्ये वायर कापून हवे तेवढे घेता येतात, फक्त लाल-काळी वायर उलटी जोडू नका. हिशोब सोपा, दीड वॅटचे सहा म्हणजे ९ वॅट, १२ व्होल्ट १ अँपियरचा अडॅप्टर पुरतो. मात्र अडॅप्टर पावसात लोंबकळत ठेवू नका, तो घरात.

गणपतीला सनबोर्डचं मखर. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून विचारणा वाढलीय. खरं सांगायचं तर सनबोर्ड पण प्लास्टिकच, पर्यावरणपूरक म्हणून विकायला मला लाज वाटते. त्यामुळे आम्ही गोंद न लावता खाचा पाडून एकात एक अडकणारं करतो, विसर्जनानंतर सुटं करून माळ्यावर टाकायचं, पुढच्या वर्षी तेच. खाच बोर्डाच्या जाडीएवढी रुंद हवी, आधी तुकड्यावर पाडून बघा, सैल झाली तर मखर कलतं.

फ्लेक्सचं काय करायचं हे मला शिकवायची गरज नाही, अख्ख्या जिल्ह्याला माहितीये, गोठ्याच्या पत्र्यावर कुणाचा तरी वाढदिवस उलटा लटकत असतोच. फक्त त्यावर पापड, धान्य वाळत घालू नका, वरची शाई सॉल्व्हंटची असते.

रेडियमच्या मागचा गुळगुळीत कागद मात्र लोक डोळे झाकून फेकतात. त्याला सिलिकॉनचा थर असतो, फेविक्विक सांडलं तरी सहसा सुटून येतं, चिकटवाचिकटवी करताना खाली तोच अंथरायचा.

एसीपीच्या (दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा असलेला बोर्ड) कडा हात कापतात, हातमोजे घाला, एवढंच.

आणि सगळं साठवू नका हो. मी पहिल्या वर्षी एवढं साठवलं की आठ बाय चारचा नवा शीट ठेवायला जागा नव्हती. आता नियम असा की तळहातापेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, आणि ठेवला त्यावर मार्करने जाडी आणि महिना लिहायचा, सहा महिन्यांत हात लागला नाही तर भंगारवाल्याकडे. टिंबांना हा नियम नाही. परवाच शेजारचा बोर्डवाला घाईघाईत आला, ५ एमएमचं काळं टिंब आहे का म्हणून. होतं.