दोन गुणांमधली २५ सेकंदं

टेनिसच्या सामन्याआधी आरशासमोर ‘मी जिंकणारच’ म्हणून होणारी तयारी पहिल्या दोन डबल फॉल्टपर्यंतच (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणं) टिकते. चेंडू खेळात नसताना काय करायचं हे आधी ठरलेलं असेल, तर ते शेवटपर्यंत उपयोगी पडतं. नियमाने दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० आणि सेट संपल्यावर १२०. सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) बाजू बदलते, पण बसायला मिळत नाही. सामन्याचा बराचसा वेळ या मधल्या जागांतच जातो.

आदल्या रात्री बॅग भरा: तारा सारख्याच ताणलेल्या दोन रॅकेट, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी), टॉवेल, पाणी, केळी. मग एका चिठ्ठीवर दोनच ओळी लिहा. ३०-४० असताना, म्हणजे आणखी एक गुण गेला की आपला गेम जाणार तेव्हा, सर्व्हिस कुठे टाकायची, आणि रॅलीत अडकल्यावर चेंडू कुठे मारायचा. दुसरीचं उत्तर बहुतेकांसाठी क्रॉसकोर्ट, म्हणजे समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, हेच असावं. नेट खांबांपाशी १.०७ मीटर असतं, मध्यभागी ०.९१४, आणि तिरक्या रेषेत कोर्टही मीटरभराहून जास्त लांब मिळतं. घाबरलेल्या हाताला एवढी सवलत पुरते. चिठ्ठी बाजू बदलताना वाचायची, म्हणून दोनच ओळी. दहा लिहिल्या तर एकही आठवत नाही.

स्पर्धेत सामन्याची वेळ बऱ्याचदा ‘आधीचा सामना संपल्यावर’ एवढीच असते. तीन तास ताणात बसलात तर कोर्टवर पोचेपर्यंत पाय जड होतात. आधीच्या सामन्याचा दुसरा सेट ३-३ होईपर्यंत सावलीत बसा, मग दहा मिनिटं दोरीच्या उड्या आणि हलकी धाव. ड्रॉमध्ये (स्पर्धेच्या सामन्यांच्या तक्त्यात) पुढच्या फेरीत कोण येतंय ते तेवढं बघू नका.

आता ती २५ सेकंदं. गुण संपला की लगेच नेटकडे पाठ, रॅकेट दुसऱ्या हातात. फटका चुकला असेल तर तो हवेत एकदाच बरोबर मारा आणि विषय संपवा. मग नजर रॅकेटच्या तारांवर ठेवून चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. त्यानंतर स्कोअर म्हणा आणि एकच निर्णय घ्या: सर्व्हिस कुठे, आणि परत आलेला पहिला चेंडू कुठे. शेवटी सर्व्हिसआधी चेंडूचे जमिनीवर दर वेळी तेवढेच टप्पे. गडबड होते ती इथे: टप्पे देताना मनात ‘कोपर वर, टॉस (चेंडू वर उडवणं) पुढे’ सुरू झालं की खांदा आखडतो आणि दुसरी सर्व्हिस नेटमध्ये जाते. रिसीव्ह करताना मात्र सर्व्ह करणाऱ्याच्या वाजवी गतीने खेळावं लागतं, म्हणून तेव्हा श्वास एकच.

गुण गमावण्याची सवयही असावी लागते. टेनिसपटू रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं, की १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के जिंकले, पण गुण फक्त ५४ टक्के.

पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूचा कॉल आपणच देतो. शंका असेल तर चेंडू आत. हे घरूनच ठरवून निघा, कारण खरं नुकसान वादानंतरच्या तीन गुणांत होतं. वाद झालाच, तर पुढच्या सर्व्हिसआधी २५ सेकंद पूर्ण वापरा.

हे सगळं सरावाच्या सामन्यात आठवडाभर तरी करा. जोडीदाराला मोबाइलवर सेकंद मोजायला सांगा. गुण जिंकल्यावर आणि चुकल्यावर लागणाऱ्या वेळेत फरक दिसला, तर काम तिथेच बाकी आहे.